टाकेकड्याचं चर्चापान

बहिरू हिलम तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा, आणि राखणही तोच करायचा. शनिवार-रविवार बंगला भाड्याने जायचा. पाहुणे आले की गेट उघडायचं, गिझर कसा लावायचा ते दाखवायचं, मोटर चालू करायची, आणि ते गेले की गवतातल्या बाटल्या वेचायच्या. अकरा वर्षं हेच चाललं होतं. मधे त्याचा मुलगा गेला तेव्हा तेरा दिवस बदली माणूस होता. चौदाव्या दिवशी बहिरूने येऊन जास्वंदीची छाटणी केली.

त्याला तीन वर्षं झाली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी पुण्याची दोन मुलं आणि दोन मुली व्हरांड्यात चहा पीत बसली होती. बहिरू समोर पाईपने झाडांना पाणी घालत होता.

"काका, टाकेकड्याला कसं जायचं हो?" त्यांच्यातल्या गौरव नावाच्या मुलाने विचारलं.

"वलवणच्या धरणाच्या अंगानं वर जावा. पुढं गाडी जात न्हाई. वाडीतनं पायवाट हाय."

"थांबा, इथं दिलंय वाटतं." गौरव फोनवरून मोठ्याने वाचू लागला. "'टाकेकडा. पावसाळ्यात येथे धबधबा असतो. कड्याच्या माथ्यावर पाण्याचं जुनं टाकं आहे.' बरं. 'दुर्घटना. जुलै २०२२ मध्ये लखन बहिरू हिलम हा स्थानिक तरुण दारूच्या नशेत कड्यावरून पडून मरण पावला.' घ्या! लोकलवाले पडतात तिथं आपलं काय होणार!"

"तू कमी पी म्हणजे झालं," एक मुलगी म्हणाली, आणि सगळे हसले.

"टोकाला जाऊ नगा," बहिरू म्हणाला. "शेवाळ आसतं."

"थँक्यू काका. तुमचं नाव काय?"

"बहिरू."

"बहिरूकाका, अजून दोन टॉवेल मिळतील का?"

मिळतील, असं बहिरू म्हणाला. पाईप त्याच्या हातात तसाच होता. एकाच झाडाच्या आळ्यात पाणी पडत राहिलं, आळं भरलं, पाणी फरशीवरून गेटपर्यंत वाहत गेलं, तेव्हा कुठे त्याने नळ बंद केला. मग टॉवेल आणून दिले.

लखन कसा गेला ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक पर्यटक फोटोसाठी कड्याच्या खालच्या टप्प्यावर उतरला आणि तिथेच अडकला. खाली जाता येईना, वर येता येईना. लखन वाडीतून दोर घेऊन गेला. दोर एकच होता. तो धरून लखन खाली उतरला, त्या माणसाच्या कमरेला बांधला, आणि खालून त्याला खांदा दिला. वरच्या लोकांनी माणूस ओढून घेतला. मग दोर सोडवून पुन्हा खाली टाकला, तेव्हा खाली कोणी नव्हतं.

दुपारी पाहुणे गेल्यावर बहिरू मोटरच्या खोलीत बसला आणि मालकाने बागेचे फोटो पाठवण्यासाठी दिलेल्या फोनवर ते पान त्याने शोधलं. ते पान गावकोश नावाच्या संकेतस्थळावर होतं. महाराष्ट्रातल्या गावांची, डोंगरांची, तळ्यांची माहिती तिथे लोकच लिहितात. बहिरूला वाचायला वेळ लागायचा. तो अक्षरं शिकला बेचाळिसाव्या वर्षी, लखन दुसरीत होता तेव्हा, त्याच्याच पुस्तकावर. अजूनही वाचताना त्याचे ओठ हलायचे. ती ओळ ओठ न हलवता वाचायचा त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'हे पान कोणीही दुरुस्त करू शकतं.' बहिरूने ते खरं मानलं. खातं उघडायला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याने ती ओळ पुसली. चौथ्या दिवशी ओळ जागच्या जागी परत होती, आणि कोणीतरी शेरा मारला होता, 'कारण न देता मजकूर काढू नये. चर्चापानावर बोलावे.'

गावकोशातल्या प्रत्येक पानामागे आणखी एक पान असतं. पुढच्या पानावर काय ठेवायचं नि काय काढायचं, याचा वाद या मागच्या पानावर घालायचा. ते चर्चापान. बहिरूने ते उघडलं. तिथे बोलण्यासाठी जागाच दिसेना. 'संपादन' या शब्दावर बोट ठेवलं तर सगळ्यांचं सगळं बोलणं एकत्र उघडं पडलं, मधे मधे दोन-दोन टिंबं, चांदण्या, सापासारख्या वेटोळ्या रेघा. सरपंचाच्या कपाटातले सगळे कागद कोणी भुईवर ओतावेत, तसं ते दिसत होतं.

पण लिहायचं म्हणजे काय, ते बहिरूला पक्कं ठाऊक होतं. लिहायचं म्हणजे अर्ज करायचा. वाडीत बरीच वर्षं लिहिणारा तो एकटाच होता. पाण्याची टाकी, विजेचा खांब, रेशनकार्डावर सुनेचं नाव, सगळे अर्ज त्याच्या हातचे. आणि अर्जाची एक रीत होती. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. अर्ज बहिरूने लिहायचा आणि खाली सगळ्या वाडीने अंगठे उठवायचे.

म्हणून त्याने वाडीला उंबराखाली बोलावलं. पान काय म्हणतं ते वाचून दाखवलं. त्याची बायको सावित्राबाई पुढे आली. "कुटं लावू?" म्हणाली.

"हितं. काचंवर."

तिने फोनच्या काचेवर अंगठा दाबला. मग एकेक जण येऊ लागला. धोंडाबाईची पाळी आली तेव्हा ती अंगठा वर धरून उभी राहिली.

"शाई कुटंय?"

"शाई नगं मावशी. तसाच लाव."

"आन् उठंल कसा त्यो?"

"मी लिवतो ना खाली, अंगठा म्हनून."

"मंग मला कशाला उठिवलं? लिवायचं व्हतंस घरी बसून," धोंडाबाई म्हणाली आणि असा अंगठा दाबला की फोनवर कुठलं तरी गाणं सुरू झालं. ते बंद करायला हौशीरामला बोलवावं लागलं. हौशीराम वराळ्याला कारखान्यात जायचा, त्याला फोनमधलं कळायचं. त्यानेही अंगठा लावला. मिळून चौदा झाले.

बहिरूने लिहिलं: 'प्रति, मा. गावकोश साहेब. विषय: कै. लखन याचेबाबतचा खोटा मजकूर काढून टाकणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, कै. लखन हा निर्व्यसनी असून त्याने उभ्या आयुष्यात दारूस स्पर्श केलेला नाही. तरी मेहेरबान साहेबांनी गोरगरिबांची दखल घ्यावी ही नम्र विनंती.' खाली गाव, पोस्ट, तालुका आणि मोबाइल नंबर. मग चौदा जणांच्या नावे चौदा वेळा वेगळं लिहिलं: 'मी धोंडाबाई. वरील मजकूर खरा आहे. अंगठा.' 'मी हौशीराम. वरील मजकूर खरा आहे. अंगठा.' लिहून झालं तेव्हा उन्हं उतरली होती. सगळं कुठे जाऊन पडलं ते त्याला कळलं नाही. ते पडलं होतं तिथे आधीच चाललेल्या पार्किंगच्या वादाच्या मधोमध, आणि त्या गडबडीत दोन माणसांचं बोलणं त्याच्या बोटाने पुसलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव अमृत होतं, आणि पान सांभाळणाऱ्यांपैकी तो एक होता.

'एकाच खात्यावरून चौदा व्यक्तींच्या नावे मते नोंदवणे नियमबाह्य आहे. इतर सदस्यांचे लेखन पुसणे नियमबाह्य आहे. दाव्यास विश्वासार्ह संदर्भ दिलेला नाही. खाते पंधरा दिवसांसाठी थांबवण्यात येत आहे.'

बहिरूने ते उंबराखाली वाचून दाखवलं.

"म्हंजी काय झालं?" हौशीरामने विचारलं.

"नामंजूर."

"चौदा अंगठं आसून?"

"अंगठ्यामुळंच म्हनत्यात."

"आईला," हौशीराम म्हणाला. "टाकीच्या येळी साताला टाकी आलीती."

बहिरू दुसऱ्या दिवशी कामावर गेला. लॉन कापलं. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला मशीन ढकलताना वाटलं. पण रागाच्या जागी काहीच नव्हतं. लखन गेल्यापासून त्या जागी काहीच नसायचं.

चार दिवसांनी फोन आला.

"नमस्कार. मी चैताली बोलतेय, तळेगावहून. गावकोशात काम करते. तुमचा नंबर तुमच्या अर्जात होता. तो मी पानावरून काढलाय हां, तिथं सगळ्या जगाला दिसत होता."

"माजं खातं बंद हाय, बाई."

"माहितीये. म्हणूनच फोन केला. आम्ही चर्चापान सोपं करतोय, आबा. नवीन माणूस येतो, काहीतरी सांगायचा प्रयत्न करतो आणि कायमचा निघून जातो. तो कुठं अडतो ते मला बघायचंय. बुधवारी लोणावळ्याला याल का? जायचा-यायचा खर्च आम्ही देऊ."

"खर्च नगं. मी चालत येतो."

लोणावळ्यात बाजारामागच्या एका वाचनालयाच्या खोलीत पाच जण बसले होते. चैताली तिशीची होती, केस वर बांधलेले, हातात वही. तिने प्रत्येकाला एकेक फोन दिला. बहिरू खुर्चीच्या कडेवर बसला.

"आरामात बसा आबा. ही तुमची परीक्षा नाही. परीक्षा या पानाची आहे. तुम्ही अडलात तर पान नापास."

"आन् पान पास झालं तर?"

चैताली हसली. "तर मला रविवारची सुट्टी."

नवं चर्चापान खरंच वेगळं होतं. प्रत्येकाचं बोलणं स्वतंत्र होतं, आणि त्याच्या खाली लिहिलेलं होतं, 'उत्तर द्या'. त्याला हात लावला की त्याच माणसाच्या खाली एक कोरा चौकोन उघडायचा. टिंबं नाहीत, वेटोळी नाहीत. दुसऱ्याचं पुसलं जायची भीती नाही. नाव नि तारीख आपोआप लागायची. आणि नवा विषय काढणाऱ्यासाठी तीन रकाने होते. बहिरूने पहिला वाचला. 'तुम्हाला काय चुकीचं वाटतं?' त्याने लिहिलं, 'दारूच्या नशेत पडून मेला हे'. दुसरा रकाना होता, 'मग खरं काय आहे?' त्याने बराच वेळ घेतला आणि लिहिलं, 'एका माणसाला वर काढताना गेला'. प्रति नाही, महोदय नाही, विनंती नाही. चड्डी न घालता बाजारात आल्यासारखं वाटत होतं. पण ते दोन रकान्यांत मावलं होतं खरं.

तिसरा रकाना होता, 'संदर्भ'.

बहिरू थांबला. बाकीच्या चौघांचं झालं, त्यांनी चहा घेतला, एक बाई निरोप घेऊन गेलीसुद्धा. बहिरू तिसऱ्या रकान्याकडे बघत होता. चैताली त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "आत्ता मनात काय चाललंय, ते सांगाल का?"

"ह्यो रकाना."

"काय वाटतं, काय लिहायचं असेल तिथं?"

"तुमीच सांगा."

"म्हणजे तुम्ही म्हणता ते कशावरून? कुठं छापून आलंय का, सरकारी कागद आहे का. पेपरचं कात्रण, दाखला, पंचनामा, काहीही चालेल. त्याचा फोटो इथं लावता येतो. आहे का तुमच्याकडं काही?"

"न्हाई," बहिरू म्हणाला.

चैतालीने वहीत लिहिलं. तिरकं असूनही बहिरूला ते वाचता आलं. 'संदर्भ हा शब्द कळत नाही. साधं लिहावं: कागद आहे का?'

शब्द त्याला कळला होता. पंचनाम्याची प्रत घरी पत्र्याच्या पेटीत होती. ती मिळाली त्या दिवशीच बहिरूने कचेरीच्या पायरीवर बसून सगळी वाचली होती, ओठ हलवत, दोन तास. त्यात लिहिलं होतं की लखन दुसऱ्या इसमास दोराने वर काढतेवेळी पाय घसरून पडला. त्या इसमाचं नाव होतं, वय होतं, पत्ता होता. आणि त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलं होतं, 'मयताचे तोंडास मद्याचा वास येत होता.' वाडीत ती ओळ वाचू शकणारी माणसं दोनच होती. हौशीरामला बहिरूने कागद दाखवला नव्हता. सावित्राबाईने विचारलं होतं, काय लिवलंय? तो म्हणाला होता, पाय घसरला म्हनून लिवलंय. कागद पेटीत गेला तो तीन वर्षं बाहेर आला नव्हता.

"पाठवायचं का मग एवढंच?" चैतालीने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

"बरं. पुसलं जाणार नाही. लिहिलेलं तसंच राहतं, तुमच्या फोनवर घरूनही उघडेल. अमृत सरांशी मी बोललेय, तुमचं खातं सुरू केलंय त्यांनी. माणूस वाईट नाहीये हो. नियमाचा पक्का आहे, एवढंच."

बहिरू वलवणच्या बाजूने चालत घरी आला.

पुढचे आठ दिवस भाताची झोडणी होती. बंगल्यावर अर्धा दिवस आणि खळ्यावर अर्धा दिवस. सावित्राबाई पेंढ्या उचलून द्यायची, बहिरू फळीवर आपटायचा. मधे दोघं पेंढ्याच्या सावलीला बसायची. फोन बहिरूच्या बंडीच्या खिशात असायचा. ते दोन भरलेले रकाने आणि एक रिकामा, तसेच्या तसे. पुणेकर पाहुणे येत होते, जात होते. पानावरची ओळही तशीच होती. रोज कोणी ना कोणी ती वाचत असणार, हे बहिरूला ठाऊक होतं. पानाच्या कोपऱ्यात आकडा होता, या महिन्यात किती जणांनी पाहिलं त्याचा. नऊशे चार.

आठव्या दिवशी दुपारी सावित्राबाई पदराला चिकटलेली कुसळं वेचत बसली होती. तेव्हा बहिरूने बोलायचं ठरवलं असं नाही, तोंडातून आलं.

"कागदात आनकी येक लिवलंय."

"कंच्या कागदात?"

"लखनच्या. पोलिसांच्या."

"काय?"

"वास लिवलाय. त्वांडाला."

सावित्राबाईने एक कुसळ काढून फेकलं. "कशाचा?"

"कशाचा म्हंजी. दारूचा."

"मंग? आसंलच की." ती दुसरं कुसळ शोधू लागली. "त्या सकाळी शालनच्या पोराची पाचवी नव्हती का? पाचवीचा घोट घेतल्याबिगर कोन उठतंय? समद्यांनी घेतलीती. तुमी बी घेतलीती."

बहिरू तिच्याकडे बघत राहिला. त्याने घेतली होती. पाचवीला आलेल्या प्रत्येक बाप्याच्या हातावर घोट ओतायचा, आणि नाही म्हणायचं नाही, नाही म्हटलं तर पोराला लागतं. लखनच्या हातावर ओतली तेव्हा बहिरू शेजारीच बसला होता. हे त्याला कायम आठवत होतं. कागदातला वास नि तो घोट या दोन गोष्टी त्याने तीन वर्षांत एकदाही शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"तुला ठावं व्हतं?"

"मीच न्हाऊ घातला त्याला. मला नाक न्हाई व्हय?"

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी बोललाव व्हय?"

खळ्याच्या पलीकडे कोणाचा तरी बैल घंटा वाजवत चरत होता.

"कागद लावायचा तर समदाच लावाया लागंल," बहिरू म्हणाला. "वर काढला ती बी ओळ आन् वासाची बी."

"लावा की."

"वाडीनं लिवलंय, कधी शिवला न्हाई म्हनून. चौदा अंगठं हायती."

"त्यो अर्ज हाय. अर्जात कोन खरं लिवतंय?" सावित्राबाई उठली आणि पदर झटकला. "घोट घेतला आन् त्या बाप्याला वर काढला. दोनी बी त्यानंच केलं. नशेत आस्ता तर गाठ बसली आस्ती व्हय त्याच्यानं? लिवा तसंच."

दुसऱ्या दिवशी बहिरूने पेटी उघडली. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. त्याने तो अंगणात घोंगडीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि फोटो काढला. चर्चापान उघडलं. तिसऱ्या रकान्याचं नाव आता बदललं होतं. तिथे लिहिलं होतं, 'कागद आहे का?'

त्याने फोटो लावला. खाली लिहिलं, 'आहे. यात वास आहे असंही लिहिलंय. ते खरं आहे. सकाळी पाचवीला घोट घेतला होता. मीपण घेतला होता. अर्जात कधी शिवला नाही असं लिहिलं ते मी लिहिलं. बाकीच्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून अंगठे दिले.' पाठवलं, आणि बंगल्यावर गेला. त्या दिवशी टाकीची सफाई होती. टाकीच्या तळाशी वाकून घासताना खिशातला फोन दोनदा थरथरला. त्याने तळ घासून झाल्यावर, हात पुसून, शिडी उतरून, मग पाहिला.

अमृतचं उत्तर होतं, बहिरूच्या बोलण्याच्या बरोबर खाली.

'बहिरूभाऊ, पंचनामा पाहिला. 'दारूच्या नशेत' हे मी तेव्हा एका बातमीखाली लोकांनी मारलेल्या शेऱ्यांवरून लिहिलं होतं. तसे शेरे हा संदर्भ होत नाही. हा नियम मी दुसऱ्यांना रोज सांगतो. चूक माझी आहे. पंचनाम्यात फक्त वास आहे, नशा कुठेही नाही. आणि वास हा कड्याच्या पानाचा विषय नाही. म्हणून दारूचा उल्लेख पूर्ण काढला आहे. नवीन ओळ पाहून सांगा.'

बहिरूने पुढचं पान उघडलं. 'जुलै २०२२ मध्ये कड्यावर अडकलेल्या एका पर्यटकाला दोराने वर काढताना लखन बहिरू हिलम या स्थानिक तरुणाचा पाय घसरून मृत्यू झाला.' त्याने ती दोनदा वाचली. काहीतरी होईल म्हणून थोडा थांबला. झालं काहीच नाही. खालच्या मजल्यावरून मालकीणबाईंनी हाक मारली, पाणी कधी येणार म्हणून. त्याने जाऊन मोटर लावली.

संध्याकाळच्या आत खळ्यावर गेला तेव्हा सावित्राबाई सुपात भात घेऊन वाऱ्याची वाट बघत उभी होती. त्याने तिला ओळ वाचून दाखवली.

"घोटाचं?"

"काढलं. नगं म्हनाले."

"बरं," ती म्हणाली. "म्या काय आडवलं नव्हतं."

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. अमृतनेच आणखी लिहिलं होतं. 'एक विचारायचं राहिलं. वर काढलेल्या व्यक्तीचं नाव-गाव पंचनाम्यात आहे. ते लखनच्या ओळीत लिहायचं का? संदर्भ आहे, त्यामुळे नियमाने लिहिता येतं. पण कागद तुमचा आहे, म्हणून विचारतो. तोपर्यंत फोटो झाकून ठेवला आहे.'

बहिरूने ते मनात वाचलं. नाव त्याला पाठ होतं. तो माणूस तेराव्याला आला नव्हता, नंतरही नाही. त्याचा फोन आला नव्हता. त्या दिवशी तो कड्यावर चपलेशिवाय बसला होता आणि पाणी मागत होता, एवढंच हौशीरामने सांगितलेलं.

"काय इचारत्यात?" सावित्राबाईने विचारलं.

"त्या मान्साचं नाव लिवायचं का."

"कंचा? त्यो वर काढला त्यो?"

"व्हय."

सावित्राबाईने सूप खाली ठेवलं. ती वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघत होती. बहिरूला वाटलं, आता ही शिव्या घालणार. तो वाट बघत राहिला. त्याला ते चाललं असतं.

"पोरंबाळं हायती का त्याला?"

"वय लिवलंय चौतीस. आसतील."

"मंग नगं. उगा त्यास्नी वाचाया लागंल."

"कागदात हाय त्याचं नाव. नेमानं लिवता येतंय म्हनत्यात."

"येतंय ना लिवता? मंग आपुनच नगं म्हनायचं."

बहिरूने 'उत्तर द्या' वर बोट ठेवलं. चौकोन उघडला. खूप जागा होती त्यात. त्याने लिहिलं, 'नको.' आणखी काही लिहायचं आहे का, याचा त्याने विचार केला. नव्हतं. पाठवलं.

खळ्याच्या कडेची सागाची पानं हलली. सावित्राबाईने सूप डोक्यावर उचललं.

"सुटलं बगा वारं," ती म्हणाली. "या हिकडं, खाली बसा. भात पसरू देऊ नगा."

तो बसला. ती सूप हलवू लागली. दाणे सरळ खाली पडत होते आणि भुसा बाजूला जात होता. बहिरू दोन्ही हातांनी दाणे ओढून घेत राहिला.